भुसावळ ते छत्रू: मुक्कामाच्या उंचीचा हिशोब

भुसावळ-जळगावचा माणूस समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर राहतो. हिमाचलमधल्या हम्पता पासची खिंड आहे ४,२७० मीटरवर. मधले चार हजार मीटर किती दिवसांत चढायचे आणि रोज रात्री कुठे पाठ टेकायची, ट्रेकचा प्लॅन म्हणजे मुळात एवढंच गणित. सॅक, बूट, तंबू त्याच्या मागून येतात. बहुतेक गट उलटं करतात. आधी बूट घेतात, मग रजा टाकतात आणि उरलेल्या दिवसांत डोंगर कोंबतात.

इथे धरलेला गट सहा जणांचा, महिना सप्टेंबरचा. तंबू आणि शिधा स्वतःचा, सोबत स्थानिक वाटाड्या आणि सामानाला दोन घोडे. वाट कुल्लूच्या बाजूने, मनालीजवळून चढते आणि पलीकडे लाहौलमध्ये चंद्रा नदीकाठी छत्रूला उतरते. स्थानिक लोक 'हामटा' म्हणतात, त्यामुळे विचारताना तसंच विचारलेलं बरं.

तीन महिने आधी

महिना आधी ठरवा. जूनमध्ये खिंडीवर आणि पलीकडच्या उतारावर बर्फ असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूच्या बाजूला पाऊस आणि मंडी ते मनाली रस्त्यावर दरडी. जुलै २०२३च्या पुरात बियासने हा महामार्ग ठिकठिकाणी खाऊन टाकला होता, हे विसरू नका. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर हवा उघडते, नाल्यांचं पाणी उतरतं. खान्देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही हा काळ सोयीचा, कारण निंदणी-कोळपणी आटोपलेली असते आणि कापसाची वेचणी अजून लांब असते. केळीवाल्यांना मात्र कुठलाच महिना मोकळा नसतो, त्यांनी घरच्यांशी काय ते ठरवावं.

सरावाला डोंगर आपल्याकडे आहेत, पण त्यांच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते स्पष्ट हवं. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, साल्हेर १,५६७ मीटरवर. या उंचीवर पाय तयार होतात, दम वाढतो. विरळ हवेची सवय होत नाही, अजिबात नाही. तोरणमाळला आठवडाभर राहून आलेला माणूस आणि पारोळ्याहून थेट आलेला माणूस, दोघांचं डोकं ३,६०० मीटरवर सारखंच दुखू शकतं. म्हणून सराव पायांसाठी करा आणि उंचीची तजवीज दिवसांच्या आखणीत करा.

पहिला महिना आठवड्यातून चार दिवस, पहाटे पाचला, ५ ते ६ किलोमीटर झपाझप चाल. दुसऱ्या महिन्यात पाठीवर ८ किलो. ज्वारीची पिशवी सॅकमध्ये टाकली की झालं, वेगळं काही घ्यायला नको. तिसऱ्या महिन्यात १० ते १२ किलो घेऊन जिने किंवा गड. अस्तंभ्याची चढण, लळिंग, साल्हेर, जे जवळ असेल ते. उतरण्याचा सराव मुद्दाम करा. चढताना माणूस थकतो, पण गुडघे जातात ते उतरताना, आणि या ट्रेकचा सर्वांत वाईट तुकडा खिंडीपलीकडचा उतारच आहे. साल्हेर ओझ्यासह उतरून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला तर गुडघे तयार समजा.

याच महिन्यात डॉक्टर. रक्तदाब, हिमोग्लोबिन, दमा असेल तर त्याचा आढावा. नंदुरबार, शहादा, अक्कलकुवा, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मंडळींनी सिकलसेलची (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही करून घ्यावी. या भागात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. आजार नसून फक्त वाहक असलेल्या माणसाला घरी जन्मभर काही जाणवत नाही, पण विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की त्याच्या तांबड्या पेशींचाही आकार बदलू शकतो आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक कळ येते, तिला गटातले लोक गॅस समजतात. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. अहवाल वाहक आला तर या उंचीचा निर्णय डॉक्टरशी बोलूनच.

साठ दिवस आधी

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. दिल्लीमार्गे जाता येतं, पण नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस जळगाव आणि भुसावळ दोन्हीकडे थांबते आणि दिल्लीच्या पुढे अंबाल्यापर्यंत नेते. अंबाल्याहून चंदीगड ४५ किलोमीटरच्या आसपास. दिल्लीतला स्टेशन ते बसस्टँड हा घामटा वाचतो. धुळेकरांनी चाळीसगावमार्गे आणि नंदुरबार-अमळनेरकरांनी सुरत लाइनने जळगाव गाठावं.

परतीचं तिकीट काढताना चूक होते. ट्रेक संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढू नका, मध्ये एक पूर्ण दिवस कोरा सोडा. तो दिवस दरडीचा.

पंधरा दिवस आधी

आता सामान. खान्देश पिकवतो कापूस, आणि डोंगरात नेऊ नये असं कापडही सुतीच. सुती बनियन घामाने किंवा पावसाने भिजली की पाणी धरून बसते, वाळत नाही, आणि वारा सुटला की अंगाची ऊब शोषून घेते. आतला थर पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा, मधला फ्लीसचा, वर जाड जॅकेट, सगळ्यांवर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. जीन्स घरी. सुती फक्त रुमाल चालेल.

बूट घोट्यापर्यंत, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. जाड मोजा घालून, फीत सैल ठेवून पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जायला हवं. हे बोट गेलं नाही तर उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. नवे बूट किमान ऐंशी-शंभर किलोमीटर चालून मळवा, आणि त्याच मोज्यांवर.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे छापलेले असतात, एक आरामाचा आणि एक मर्यादेचा. दुकानदार मोठ्या अक्षरातला मर्यादेचा दाखवतो, आपण आरामाचा बघायचा. तो उणे ५ अंशांच्या आसपास हवा. जळगावात ४५ अंश सोसणारं शरीर थंडीतही तसंच टिकेल हा भ्रम आहे. मॅट दुहेरी घ्या, कारण खालची जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त ऊब ओढते.

सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि कपडे त्यात. बाहेरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत घेतंच. केळीच्या घडाला घालतात ती स्कर्टिंग बॅग इथे उपयोगाची नाही, तिच्यातून पाणी झिरपतं. खताच्या गोणीतलं आतलं अस्तर स्वच्छ धुऊन चालतं, फक्त त्यात शिधा भरू नका.

शिधा मात्र निवांत बसून भरायची गोष्ट. डोंगरातले पाच दिवस अधिक एक राखीव, म्हणजे सहा दिवस. स्वयंपाकघरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा आणि एका माणसाच्या एका दिवसाची पिशवी भरून बघा. पोहे ८० ग्रॅम. सातूचं पीठ ६०. खिचडीला तांदूळ ९० आणि भाजलेली मूगडाळ ६०. दाणे-गूळ १००. राजगिऱ्याचे लाडू ५०. तूप ४०. दूधपावडर ४०. साखर ५०. शेवया किंवा नूडल्स ७०. बेरीज ६४० ग्रॅम, आणि यातून साधारण २,७०० ते २,८०० कॅलरी मिळतात. सहा माणसं, सहा दिवस म्हणजे २३ किलो. हा आकडा समोर आला की घोडे कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तूरडाळ नेऊ नका. ३,६०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, त्या पाण्यात तूरडाळ तास-दीड तास रटरटूनही दाताखाली येते. भाजलेली मूगडाळ आणि पाच लिटरचा कुकर हा त्यावरचा उतारा. बट्ट्यांचा मोह टाळा. गोवऱ्या तिकडे कोण देणार, आणि झाडांची रेषा संपली की सरपणही नाही. दुधातल्या दशम्या तीन-चार दिवस टिकतात, त्या वाटेपुरत्या घ्या. बिबडे भाजायला निखारा लागतो, म्हणून तेही घरीच. केळीचे वेफर ऊर्जेला उत्तम, पण जागा खातात आणि शेवटी चुरा उरतो. ठेचा मात्र विसरायचा नाही. उंचीवर भूक मरते, समोरची खिचडी बघवत नाही, तेव्हा चमचाभर ठेच्यावर अर्धी ताटली पोटात जाते. ताटली रिकामी झाली पाहिजे, कशाने का होईना.

प्रत्येक दिवसाचा शिधा वेगळ्या पिशवीत, वर दिवसाचा आकडा. सगळे पोहे एकत्र, सगळा तांदूळ एकत्र असं भरलं की तिसऱ्या दिवशी साखर संपते आणि कोणी संपवली यावर वाद होतात.

पहिला आणि दुसरा दिवस: रेल्वे, मग रात्रीची बस

सचखंड संध्याकाळी भुसावळला येते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास अंबाल्याला पोचते. नेमकी वेळ तिकिटावर बघा. वाटेत काही स्टेशनांवर लंगर वाटलं जातं, ताट-वाटी आपली लागते. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तो मनालीतच घ्यायचा.

चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या स्टँडवरून मनालीच्या बस सुटतात. अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास, सकाळपर्यंत माणूस पोचतो. मंडीच्या पुढे वळणं सुरू होतात. बस लागणाऱ्यांनी पुढच्या बाजूला बसावं आणि गोळी बस सुटण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

तिसरा दिवस: मनाली, रात्र २,०५० मीटर

भुसावळहून आलेल्या शरीराने छत्तीस तासांत १,८५० मीटर चढले. त्रास सहसा होत नाही, पण प्रवासाचं जागरण आणि पाण्याची कमतरता घेऊन माणूस उतरलेला असतो. आज झोप, पाणी, साधं जेवण. दारू नको. सिगारेटही नको, पण ते सांगून कोणी ऐकत नाही.

चौथा दिवस: मनाली, रात्र पुन्हा २,०५०

हा दिवस कापला जातो. 'दोन दिवस मनालीत काय करायचं?' असा प्रश्न येतो आणि गट थेट गाडीत बसतो. करायला भरपूर आहे. सकाळी वशिष्ठवरून जोगिनी धबधब्यापर्यंत चढून या, ओझ्याविना. दुपारी खरेदी आणि कागदपत्रं. ट्रेकची परवानगी आणि नोंदणीची त्या हंगामाची पद्धत वाटाड्याकडून समजून घ्या. ओळखपत्राच्या चार-चार प्रती जवळ असू द्या.

गॅसचा हिशोब असा. सहा जणांना चहा, नाश्ता, जेवण, सूप मिळून दिवसाला १२ लिटरच्या आसपास पाणी तापवावं लागतं. २३० ग्रॅमचा स्क्रू-डबा वारा अडवला तर १० ते १२ लिटर उकळतो, वाऱ्यात त्याहून बराच कमी. म्हणजे दिवसाला एक डबा, सहा दिवसांना सहा, वर एक राखीव. पत्र्याचा वारारोधक घ्या, पण डब्याभोवती घट्ट गुंडाळू नका, डबा तापतो.

घोडेवाल्याशी बोलताना एक गोष्ट आधी ठरवा. घोडे छत्रूला सामान उतरवून पुन्हा खिंड ओलांडून परत येतात, त्या परतीच्या दिवसांची मजुरी द्यावी लागते. हे आधी ठरलं नाही तर छत्रूच्या ढाब्यावर वाजतं.

डायमॉक्स, म्हणजे असेटाझोलामाइड, घ्यायचं असेल तर सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे आजपासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. या गोळीने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, सोडा पाणचट लागतो. हे घाबरण्यासारखं नाही. घाबरायचं ते गोळीच्या भरवशावर दिवस कापणाऱ्या मित्राला.

पाचवा दिवस: जोबरा ते चिका, रात्र ३,१०० मीटर

मनालीहून प्रीणी, तिथून वळणावळणांचा रस्ता जोबऱ्याला. वळणं चाळीसच्या वर. रस्ता २,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो, तिथून चिका दोन-तीन तास. मेपल आणि भूर्जाचं रान, उजव्या-डाव्या हाताला नदी, चढ सौम्य.

सौम्य आहे म्हणूनच घोटाळा. तरणी पोरं पळत सुटतात आणि रात्री डोकं धरून बसतात. चालण्याचा वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अर्ध्या वाक्यात श्वास तुटला तर वेग जास्त आहे.

फोनची रेंज जोबऱ्याच्या आसपास सुटते. घरी सांगून ठेवा की आता थेट पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू-कोकसरकडे आल्यावर फोन लागेल, आणि तोही एक दिवस उशिरा लागू शकतो. हे सांगितलेलं नसलं की तिकडे एरंडोलला घरचे देव पाण्यात घालून बसतात.

तंबू नदीच्या पात्रात नको, दिसायला कितीही सपाट असलं तरी. वर पाऊस झाला की इथे कळायच्या आत पाणी वाढतं. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. पिण्याचं पाणी उकळून. उकळी फुटल्यावर या उंचीला तीन मिनिटं चालू ठेवा. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर थंड पाण्यात अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबा.

सहावा दिवस: बालू का घेरा, रात्र ३,६०० मीटर

तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वत्र मानला जाणारा नियम. चिका ते बालू का घेरा नेमका तेवढाच. झाडं मागे राहतात, दगडगोटे आणि ओढे सुरू होतात.

आजचा नाला सकाळी ओलांडायचा. उन्हाने वरचं बर्फ वितळतं, दुपारी दोननंतर पाणी वाढतं आणि गढूळ होतं. गुडघ्याखाली असलेलं पाणी मांडीला येतं, आणि मांडीला आलेलं पाणी माणसाला उचलतं. बूट काढा, पण अनवाणी जाऊ नका, सँडल घाला. गार पाण्यात पाय दोन मिनिटांत बधिर होतात आणि खालचा दगड टोचतोय हेही कळत नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी जोरात असेल तर तिघांनी खांद्यावर हात टाकून, धट्टाकट्टा माणूस वरच्या अंगाला.

बालू का घेरा म्हणजे नदीने आणून पसरलेली वाळू आणि त्याला डोंगरांचं कडं. तापीच्या वाळवंटासारखंच, फक्त कलिंगडाच्या वाड्या नाहीत. वाऱ्याला आडोसा कमी. तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. दोरीला दगड बांधा, किंवा पिशवीत वाळू भरून ती पुरा. संध्याकाळी कुठे मेंढरं दिसतील, ती गद्द्यांची. धुळ्या-साक्रीकडचे ठेलारी जसे कळप घेऊन फिरतात तसे हे उन्हाळ्यात लाहौलच्या कुरणांवर जातात आणि थंडीआधी परततात. त्यांच्या कुत्र्यांपासून लांब राहा, रात्री तर नक्कीच.

तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री गॅसचा डबा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या. गारठलेल्या डब्यात दाब पडतो आणि सकाळी चहा होत नाही, मग सगळा गट तासभर उशिरा निघतो.

सातवा दिवस: इथेच, रात्र पुन्हा ३,६००

चार रात्रींच्या तयार कार्यक्रमांत हा दिवस नसतो. आमच्या मते खान्देशातून येणाऱ्या गटाने बाकी काहीही कापावं, शेवटी जोडतात ते चंद्रताल तळं कापावं, पण हा दिवस ठेवावा. सकाळी दोन-तीनशे मीटर वर चढा, तासभर बसा, उतरून या. वर चढून खाली झोपलं की शरीराला सवय लागते.

कारण उद्याच्या वाटेत दडलंय. उद्या खिंड ४,२७० वर आणि मुक्काम पलीकडे शिया गोरूला, ३,९०० वर. म्हणजे उद्याचा मुक्कामसुद्धा आजच्यापेक्षा उंच. आज कोणाची तब्येत बिघडली तर मागे चिका आहे, जोबरा आहे, एका दिवसात गाडी गाठता येते. उद्या खिंडीवर बिघडली तर खाली उतरूनही तो माणूस आजच्यापेक्षा ३०० मीटर वरच झोपणार, आणि गाडीचा रस्ता त्याच्याही पुढे एक दिवस. म्हणून निर्णयाची जागा खिंड नाही, बालू का घेरा आहे.

निर्णय कसा करायचा? डोकेदुखी एकटी असेल, पाणी आणि साध्या गोळीने थांबत असेल, भूक लागत असेल तर आज थांबून बघा. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर, अन्नावर वासना नाही असं असेल तर आणखी वर जायचं नाही. जमिनीवर काठीने तीन मीटरची सरळ रेघ ओढा आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायला सांगा. झोक जातोय, बोलणं अडखळतंय तर मेंदूला सूज असू शकते. बसल्या जागी धाप, खोकला, फेस हे फुप्फुसात पाणी साचल्याचं लक्षण. या दोन्हींत सकाळची वाट बघत नाहीत, त्याच क्षणी खाली न्यायचं, रात्र असली तरी, आणि सोबत माणूस देऊन. गार बोटाला लावलेला ऑक्सिमीटर वाटेल ते दाखवतो, हात आधी चोळून गरम करा. आकडा ८५ आला म्हणून घाबरू नका आणि ९० आला म्हणून माणसाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका.

'माझ्यामुळे सगळ्यांचं थांबायला नको' म्हणून त्रास लपवणारा एक तरी गटात असतो. त्याचं ताट बघा. जेवण टाकलेलं असलं की कळतं.

आठवा दिवस: खिंड, रात्र शिया गोरू ३,९०० मीटर

चढ ६७० मीटर, अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास. हिशोब असा करा: ताशी चार किलोमीटरने सव्वा तास, चढाचा ६०० मीटरला एक तास धरून आणखी तासभर, मिळून सव्वादोन. साडेतीन हजारांवर तो दुप्पट, म्हणजे साडेचार तास. सहाला निघालात तर साडेदहा-अकराला खिंडीत. बारापर्यंत माथा आला नाही किंवा ढग खाली बसले तर मागे फिरायचं, ही वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवा. तिथे पोचल्यावर ठरवू म्हटलं की कोणीच मागे फिरत नाही.

खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आत-बाहेर. उघडीप असेल तर देव टिब्बा (६,००१ मीटर) आणि इंद्रासन (६,२२१ मीटर) समोर. मागे हिरवी हम्पता दरी, पुढे लाहौलचं राखाडी-तपकिरी उघडं रान. इगतपुरीला पाऊस कोसळतो आणि धुळ्याला ढग नुसते डोक्यावरून जातात, त्याच कारणाने. पावसाचे ढग अलीकडच्या उतारावर रिकामे होतात.

अर्धा तास पुरे, मग उतार. सुरुवातीचा तुकडा तीव्र, घसाऱ्याचा. फीत पुन्हा बांधा. पंज्यावर सैल, घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत घट्ट आवळून, म्हणजे टाच मागे बसते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. काठ्या चढाच्या मापापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. एकाच्या खाली दुसरा असं सरळ रेषेत उतरू नका, वरचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो. बर्फ उरलेलं असेल तर मायक्रोस्पाइक (बुटाखाली चढवायचे छोटे खिळे) आणि वाटाड्याच्या पावलावर पाऊल.

शिया गोरू म्हणजे वारा. ओले मोजे बदला, जेवण अंधाराआधी उरका. रात्री बाटलीतलं पाणी गोठू शकतं, बाटली उलटी ठेवा म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

नववा दिवस: छत्रू, रात्र ३,३५० मीटर

सकाळीच पुन्हा नाल्याचं पाणी, सहाव्या दिवसाचे सगळे नियम लागू. मग उतरत चंद्रा नदी, पूल, ढाबे, राजमा-चावल. साडेपाचशे मीटर उतरल्यावर भूक परत येते. घोडेवाल्याचा हिशोब इथे.

दहावा दिवस: छत्रू ते मनाली

चंद्रतालला जायचं तर छत्रूहून बातल ३० किलोमीटरच्या थोडं वर आणि पुढे १४. रस्ता दगडांचा, नाले रस्त्यावरूनच वाहतात, तीन-चार तास लागतात. भारतीयांना इनर लाइन परमिट लागत नाही. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे, २००५ पासून ते रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, छावण्या काही किलोमीटर अलीकडे असतात. मुक्काम ४,२०० च्या वर पडतो, म्हणून काल कुणाला त्रास झाला असेल तर पहाटे निघून, बघून संध्याकाळी खाली या.

परतीला ग्रांफू, कोकसर, सिस्सू आणि अटल बोगदा. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यातून यायला रोहतांगचं परमिट लागत नाही. सिस्सूजवळ फोन लागतो, पहिला फोन घरी.

अकरावा दिवस आणि पुढे

मनालीतला कोरा दिवस. रस्ता चालू असेल तर झोपा. मंडीकडे दरड असेल तर याच दिवसावर गाडी गाठली जाते.

घरी आल्यावर तंबू गच्चीवर वाळवा, पण सावलीत. ऑक्टोबर हीटच्या उन्हात दिवसभर टाकला तर त्याचा लेप उडतो. स्लीपिंग बॅग दाबून पिशवीत ठेवू नका, कपाटात सैल टांगा. आणि कुकरची शिट्टी शोधा, ती हमखास कोणाच्या तरी सॅकच्या तळाशी गेलेली असते.